सनद गेली आणि खटलाही गेला: ‘शी-हल्क’चे सतरा अंक

मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनाच्या ‘शी-हल्क’ या कॉमिक मालिकेचा २१वा अंक डॅन स्लॉटने लिहिला आणि २२वा पीटर डेव्हिडने. या दोन अंकांच्या मधल्या कोऱ्या जागेत नायिका जेनिफर वॉल्टर्स ऊर्फ शी-हल्कची वकिलीची सनद गेली. स्लॉटच्या अंकांत ही साडेसहा फुटी हिरवी बाई न्यूयॉर्कच्या एका बड्या वकिली पेढीत खटले लढवत होती. २००७ च्या अखेरीस आलेल्या २२व्या अंकात ती जामिनावर सुटून पळालेले आरोपी पकडून आणते. सोबतीला जाझिंडा नावाची परग्रहावरची मैत्रीण आणि राहायला चाकांवरचं घर. सनद का गेली, हे वाचकाला तिथे सांगितलेलं नाही. २२व्यासकट १७ अंक निघाले आणि २००९ मध्ये ३८व्या अंकावर मालिका बंद पडली.

या १७ अंकांबद्दलची नेहमीची तक्रार अशी, की डेव्हिडने नायिकेची वकिली काढून घेतली. ही तक्रार अर्धवट आहे. वकिलाची सनद जाणं ही वकिलावरच्या मालिकेला मिळू शकणारी सगळ्यात दमदार कथा आहे. तीच कथा अंकांच्या मधल्या फटीत ढकलली गेली आणि नंतर पूर्वकथा म्हणून उरकली गेली. चूक तिथे आहे. ती कशी झाली आणि तिच्यामुळे हातात आलेलं काय काय सुटलं, हे पाहण्यासारखं आहे. त्यासाठी आधी थोडं मागे जायला हवं.

शी-हल्कचा जन्मच मुळी कायद्याच्या पोटी झाला. १९७७ पासून अमेरिकेत हल्क या हिरव्या महाकाय नायकाची टीव्ही मालिका गाजत होती. त्याआधी ‘सिक्स मिलियन डॉलर मॅन’ या मालिकेतून ‘बायोनिक वुमन’ ही स्त्री-आवृत्ती निघालेली सगळ्यांनी पाहिली होती. टीव्हीवाल्यांनी तसाच बाईमाणूस हल्क काढला तर त्या नावाचे हक्क त्यांच्याकडे जातील, ही मार्व्हलची धास्ती. म्हणून स्टॅन ली आणि जॉन ब्युसेमा यांनी १९८० मध्ये घाईने ‘सॅव्हेज शी-हल्क’चा पहिला अंक काढला. लॉस एंजेलिसमधली वकील जेनिफर गुंडांच्या गोळीने जखमी होते, मामेभाऊ ब्रूस बॅनर, म्हणजेच हल्क, तिला आपलं रक्त देतो, आणि ती हिरवी होते. ही मालिका २५ अंक चालली. जॉन बर्नने १९८९ मध्ये सुरू केलेली दुसरी मालिका ६० अंक टिकली. त्यात नायिका थेट वाचकाशी बोलायची आणि पानांतली चौकट फाडून बाहेर यायची. कागदोपत्री ती सरकारी वकिलांच्या कचेरीत होती, पण कोर्ट फारसं दिसत नसे.

कोर्ट खऱ्या अर्थाने आलं ते २००४ मध्ये, स्लॉटबरोबर.

स्लॉटच्या पहिल्या अंकाची चाल बारकाईने पाहिली पाहिजे, कारण पुढच्या निराशेचं माप तिथूनच मिळतं. जेनिफर एक खटला जिंकते आणि त्यापायीच तिची नोकरी जाते. कारण असं: शी-हल्कने अनेकदा जग वाचवलं आहे. म्हणजे ज्युरीतला प्रत्येक माणूस तिचा ऋणी. म्हणजे तिने जिंकलेल्या कोणत्याही खटल्यात विरुद्ध पक्ष ‘ज्युरी निष्पक्ष नव्हती’ असं म्हणू शकतो. पेढीला असा वकील परवडत नाही. मग ‘गुडमन, लीबर, कर्ट्झबर्ग अँड हॉलिवे’ ही दुसरी पेढी तिला बोलावते, पण एका अटीवर: कामावर यायचं ते साध्या जेनिफरच्या रूपात, हिरव्या नाही. एका कायदेशीर आक्षेपातून पात्राचा सगळा अंतर्विरोध उभा राहतो. लोकांना हवी असते शी-हल्क आणि पेढीला हवी असते जेनिफर. (पेढीच्या नावातली गंमत जाणकारांसाठी आहे. मार्टिन गुडमन हा मार्व्हलचा संस्थापक प्रकाशक, लीबर हे स्टॅन लीचं मूळ आडनाव आणि कर्ट्झबर्ग हे जॅक कर्बीचं.)

याच मालिकेत मार्व्हलची जुनी कॉमिक्स कोर्टात पुरावा म्हणून चालतात. पेढीच्या ग्रंथालयात त्यांचे खोके रचलेले असतात आणि तिथला कारकून जुना अंक काढून ‘त्या दिवशी नक्की कोण कुठे होतं’ ते शोधून देतो. हा विनोद आहे, पण शिस्तीचा. एकदा नियम ठरला की तो पाळला जातो.

चौथा अंक घ्या. स्पायडर-मॅन ‘डेली ब्यूगल’चा संपादक जे. जोना जेमसन याच्यावर बदनामीचा दावा लावतो. वर्षानुवर्षं छापलेले मथळे हाताशी आहेत, त्यामुळे दावा मजबूत वाटतो. तेवढ्यात जेमसनचा पक्ष ते फोटो काढणाऱ्या पीटर पार्करलाच सहप्रतिवादी करायला निघतो. पीटर पार्कर म्हणजेच स्पायडर-मॅन! आता वादी स्वतःविरुद्धच दावा लढणार. मुकाट्याने तडजोड होते. दावा, प्रतिडाव, नवा पक्षकार, तडजोड हे सगळं एका अंकात बसलं आहे. कथेचं वळण प्रक्रियेच्या नियमातून आलं आहे, मारामारीतून नाही. बदनामीच्या कायद्याचा गंध नसलेल्या वाचकालाही ते कळतं, कारण लेखकाने एकच नियम उचलला आणि तो शेवटपर्यंत ताणला.

त्या काळी मार्व्हलच्या मासिक अंकात २२ पानं कथा असायची. पानाला पाच-सहा चौकटी धरल्या तर अंकाला सव्वाशेच्या आसपास चौकटी होतात. चौकटीत ३५ शब्दांच्या वर गेलं की चित्र गुदमरतं, असा अमेरिकी कॉमिक्समधला जुना अंदाज आहे. सगळ्या चौकटी बोलक्या नसतात, म्हणून प्रत्यक्षात एका अंकात अडीच-तीन हजार शब्द बसले तरी खूप झाले. खऱ्या खटल्यातली एका साक्षीदाराची उलटतपासणीही त्यात मावणार नाही. म्हणून कोर्टावरच्या कॉमिकमध्ये एक अंक, एक कायदेशीर प्रश्न हे गणित पाळावं लागतं. स्लॉटने पहिल्या १२ अंकांत ते बऱ्यापैकी पाळलं. खून झालेल्या माणसाचं भूतच साक्षीला आलं तर काय? आपल्या शक्तीने समोरच्याचं मन वळवणाऱ्या स्टारफॉक्सवर लैंगिक अत्याचाराचा खटला भरला तर संमती कशाला म्हणायचं? हा दुसरा प्रश्न २००५ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या दुसऱ्या मालिकेतला आहे आणि विनोदी मालिकेच्या मानाने चांगलाच धारदार आहे.

खरं सांगायचं तर घसरण स्लॉटच्या दुसऱ्या मालिकेतच सुरू झाली होती. २००६-०७ मध्ये मार्व्हलच्या सगळ्या मालिका ‘सिव्हिल वॉर’ आणि ‘वर्ल्ड वॉर हल्क’ या मोठ्या घटनांना जुंपलेल्या होत्या. जेनिफर मध्ये काही अंक शील्ड या गुप्त संस्थेसाठी काम करते, मग टोनी स्टार्क ऊर्फ आयर्न मॅन तिची शक्तीच काढून घेतो. लीडर या खलनायकावरचा खटला येतो आणि त्यात मॅलरी बुक ही पेढीतली तिची प्रतिस्पर्धी आरोपीच्या बाजूने उभी राहते, तेव्हा जुनी चव पुन्हा लागते. पण एकूणात कोर्टाची पानं कमी होत गेली. डेव्हिडच्या हातात आली तेव्हा मालिकेचा पाया आधीच हललेला होता, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

पीटर डेव्हिड नवखाही नव्हता. हल्कवर त्याने सलग बारा-एक वर्षं लिहिलं होतं आणि संवादात त्याचा हात धरणारे थोडे होते. त्याला स्लॉटची नक्कल करायची नव्हती, हेही समजण्यासारखं आहे. नवा लेखक आला की घर बदलतो, धंदा बदलतो, मित्रमंडळी बदलतो. मासिक कॉमिक्समध्ये हा रिवाजच आहे. प्रश्न त्याने निवडलेल्या बदलाचा आणि तो सांगण्याच्या क्रमाचा आहे.

सनद जाण्याचं कारण पुढे कळतं, तेव्हा वाचक चमकतो. जेनिफर मुलांच्या खुनाचा आरोप असलेल्या माणसाचा बचाव करत असते. तो दोषी असल्याचं तिला त्याच्याकडूनच कळतं, आणि ती वकील-अशील गोपनीयता मोडते. बस्स. नायिकेच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय, आणि तो आपण मागे वळून, उरकून टाकलेल्या पानांत पाहतो. निर्णय घेताना ती आपल्या डोळ्यांसमोर नसते. तो घेतल्यावर ज्यांच्यापुढे उभं राहावं लागलं असेल तेही दिसत नाहीत. तोवर आपण तिला अॅबसॉर्बिंग मॅन आणि टायटॅनिया या खलनायकांशी मारामारी करताना पाहून चुकलेलो असतो.

आता हाच प्रसंग कायद्याच्या बाजूने तपासू, म्हणजे किती ऐवज वाया गेला ते दिसेल.

अशिलाने वकिलाला झालेल्या गुन्ह्याची कबुली दिली तर ती वकिलाच्या पोटात राहते. हा नियम अमेरिकेत आहे तसा आपल्याकडेही आहे. भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये तो होता, आता भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे. अपवाद आहेत, पण ते पुढे घडणाऱ्या गोष्टींकडे पाहतात. अशील आता कुणाचा जीव घेणार असेल आणि ते टाळायचं असेल, तर अमेरिकी आदर्श नियमांनुसार वकिलाला बोलता येतं. झालेल्या खुनाबद्दल बोलता येत नाही. म्हणजे पहिला प्रश्न असा: त्या आरोपीने सांगितलं ते फक्त घडून गेलेलं होतं, की एखादं मूल अजून जिवंत असण्याची शक्यता होती? या एका शक्यतेवर जेनिफरची सनद राहते किंवा जाते. अख्खा एक अंक या प्रश्नावर उभा राहू शकतो.

दुसरी गोष्ट त्याहून बोचरी. गोपनीयतेचा हक्क अशिलाचा असतो, वकिलाचा नाही. वकिलाने अशिलाच्या संमतीशिवाय गुपित फोडलं म्हणून तो हक्क संपत नाही. ती कबुली सरकारी पक्षाला पुरावा म्हणून वापरता येत नाही. उलट ज्युरीच्या कानावर ते पडलं तर खटला रद्द होऊन नव्याने चालवावा लागू शकतो. म्हणजे खुनी सुटू नये म्हणून जेनिफरने तोंड उघडलं, तर त्या तोंड उघडण्यामुळेच त्याला शिक्षा होणं कठीण होऊ शकतं. स्लॉटच्या ज्युरीवाल्या युक्तीच्या तोडीचं हे वळण आहे, आणि ते कुणी शोधून काढायची गरज नव्हती. ते कायद्यात पडलेलंच होतं.

प्रत्यक्षातलं उदाहरणही न्यूयॉर्क राज्यातलंच आहे. १९७३ मध्ये रॉबर्ट गॅरो हा खुनाच्या आरोपाखाली पकडला गेला. त्याने आपल्या वकिलांना, फ्रँक आर्मानी आणि फ्रान्सिस बेल्ज यांना, आणखी खुनांबद्दल आणि प्रेतं कुठे आहेत त्याबद्दल सांगितलं. दोघांनी जाऊन खात्री केली, फोटोही काढले, आणि गप्प राहिले. बेपत्ता मुलीचे वडील विचारायला आले तरी गप्प राहिले. १९७४ मध्ये लेक प्लेझंट या गावातल्या खटल्यात गॅरो स्वतः बोलला तेव्हा वकिलांना हे ठाऊक होतं हे बाहेर आलं आणि लोक खवळले. प्रेताची माहिती दडवली म्हणून बेल्जवर सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली आरोप ठेवला गेला. कोर्टाने तो रद्द केला, कारण गोपनीयतेचं बंधन वरचं ठरलं. पण लोकांच्या रागाने आर्मानीची वकिली पार खचली. अमेरिकेत वकिली आचारसंहिता शिकवताना आजही हे प्रकरण घेतात. गप्प राहून त्यांनी सनद राखली आणि गाव गमावलं. जेनिफरने नेमकं उलट केलं. तिच्या गोष्टीची ही आरशातली बाजू समोर असताना लेखकाने तिला फरारी आरोपींच्या मागे धाडावं, याची हळहळ वाटते.

तिसरी गोष्ट शिस्तभंगाच्या प्रक्रियेची. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोव्याच्या वकिलाची तक्रार राज्य बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीकडे जाते, तिथून बार कौन्सिल ऑफ इंडिया आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय. न्यूयॉर्कमध्ये तक्रार समिती चौकशी करते आणि निर्णय अपीली कोर्टाच्या न्यायमूर्तींचं खंडपीठ देतं. उघड शिक्षा होईपर्यंत ही प्रक्रिया तिथे गोपनीय असते. गुपित फोडल्याचा आरोप असलेल्या बाईची सुनावणी बंद दाराआड चालणार आणि गुपिताचं संरक्षण या वेळी तिला मिळणार. बाहेर वार्ताहर ताटकळत उभे, आत शी-हल्कच्या रूपात जायचं की जेनिफरच्या, हा प्रश्न. स्लॉटच्या पहिल्या अंकातली पेढीची अट इथे केवढी जड झाली असती!

हे सगळं तीन अंकांत बसतं. पहिल्या अंकातली पहिली आठ-नऊ पानं अशील आणि पुराव्याला द्यायची, म्हणजे त्याच्या निर्दोषपणावर वाचकाचाही विश्वास बसेल. मग चार पानांची कबुली, शब्द कमी आणि चौकटी मोठ्या. त्यानंतर मारामारी नको. एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे नाव न घेता सल्ला मागण्याचा प्रसंग हवा, म्हणजे नियम वाचकाला तिथेच कळेल. शेवटच्या पानावर ती तोंड उघडते. दुसऱ्या अंकात परिणाम: खटला रद्द, मृत मुलांचे आईबाप कोर्टाच्या आवारात, तक्रारीची नोटीस. मारामारी ठेवायचीच तर इथे ठेवावी, आणि ती तिने हरावी किंवा जिंकूनही काही हाती लागू नये. तिसरा अंक सुनावणीचा, आणि तिची वकील म्हणून मॅलरी बुक. जन्मभराच्या प्रतिस्पर्ध्याला आपलं वकीलपत्र द्यायला लागणं, यापेक्षा चांगली शिक्षा लेखक आणखी काय देणार? यानंतर २२व्या अंकात ती चाकांवरच्या घरात दिसली असती तर वाचक तिच्याबरोबर तिथपर्यंत आलेला असता.

बरं, फरारी आरोपी पकडण्याचा धंदाही कोरडा नाही. हा धंदा आपल्या वाचकाला अनोळखी आहे, कारण भारतात पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्या नाहीत. अमेरिकेत असतात. आरोपी जामिनाच्या रकमेच्या साधारण दहा टक्के या कंपनीला देतो, ते परत मिळत नाहीत, आणि उरलेल्या रकमेची हमी कंपनी कोर्टाला देते. आरोपी तारखेला आला नाही तर कंपनीचे पैसे बुडतात, म्हणून ती माणूस पाठवून त्याला धरून आणते. या माणसाचे अधिकार पोलिसांपेक्षाही रुंद असू शकतात, कारण आरोपीने करारातच ते मान्य केलेले असतात. १८७२ च्या टेलर विरुद्ध टेंटर या निकालातली भाषा त्याचा आधार म्हणून दीडशे वर्षं वापरली जाते आहे. पण इलिनॉय, केंटकी, ऑरेगॉन आणि विस्कॉन्सिन या राज्यांत हा व्यवसायच चालत नाही. म्हणजे राज्याची सीमा ओलांडली की कालचा अधिकारी आज अपहरणकर्ता ठरू शकतो. सनद गेलेल्या पण कायदा तोंडपाठ असलेल्या बाईसाठी हे केवढं मोकळं रान! तिला माहीत आहे की ती कुठल्या रेषेवर उभी आहे. समोरच्या गुंडाला माहीत नाही. डेव्हिडच्या अंकांत जेनिफर बहुतेक वेळा दार मोडून आत जाते आणि ठोसा लगावते. ते काम कुठलाही हल्क करू शकतो.

जाझिंडाचं तेच. ती स्क्रल वंशाची, सुपर-स्क्रल या जुन्या खलनायकाची मुलगी. २००८ मध्ये मार्व्हलने ‘सीक्रेट इन्व्हेजन’ ही मोठी कथा चालवली, ज्यात रूप पालटणारे स्क्रल पृथ्वीवर घुसखोरी करतात. प्रत्येक स्क्रल संशयित झाला असताना एक स्क्रल मुलगी नायिकेच्या गाडीत राहते आहे. बापाकडे परत जाण्याची तिला भीती आहे. कायद्याच्या भाषेत ही आश्रय मागणारी व्यक्ती. मालिका या घटनेला जुंपली जाते, ‘एक्स-फॅक्टर’ या डेव्हिडच्याच दुसऱ्या मालिकेशी तिची सांगड घातली जाते, बाप-लेकीची गाठ पडते आणि मारामारी होते. दोघींच्या मैत्रीची पानं मात्र मनापासून लिहिलेली आहेत. या १७ अंकांत टिकणारं काही असेल तर ते तेच. गाडीतली त्यांची भांडणं, एकमेकींना सांभाळून घेणं, जेनिफरचा कडवटपणा यात डेव्हिडचे संवाद खरोखर चमकतात. त्याला पात्र कळलं होतं, यात शंका नाही.

शेवटाकडे ‘लेडी लिबरेटर्स’ची कथा येते. भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या एका काल्पनिक देशाचा हुकूमशहा लोकांपर्यंत मदत पोहोचू देत नाही. शी-हल्क, थंड्रा, व्हॅल्करी आणि इनव्हिजिबल वुमन या मार्व्हलच्या चार नायिका परवानगी न विचारता तिथे घुसतात. मे २००८ मध्ये म्यानमारला नर्गिस चक्रीवादळाने झोडपलं आणि तिथल्या लष्करी राजवटीने परदेशी मदत अडवून धरली, त्याची आठवण व्हावी अशीच ही कथा. मदतीसाठी दुसऱ्या देशाचं सार्वभौमत्व मोडावं का, या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय कायद्यात रण माजलेलं आहे आणि इथे चौघींपैकी एक वकील होती. तिने निदान एक पान तरी स्वतःशी वाद घालायला हवा होता.

चित्रांबद्दल थोडक्यात. चित्रकार हुआन बॉबिलोने स्लॉटच्या अंकांत जेनिफरला गोलसर, ठेंगणी, घाबरट चेहऱ्याची काढली होती. तीच बाई हिरवी झाल्यावर कशी उमलते, हे त्या फरकातून कळायचं. डेव्हिडच्या काळात सुरुवातीला शॉन मोल होता, नंतर हात बदलत गेले, आणि चेहऱ्यांपेक्षा स्नायूंकडे लक्ष गेलं. नायिका बहुतेक वेळ हिरवीच राहिल्यामुळे दोन रूपांमधला तो फरक तसाही हरवला.

ही मालिका वकिली सोडल्यामुळेच बंद पडली, असं मात्र म्हणता येणार नाही. चार्ल्स सूल हा तेव्हा स्वतः वकिली करणारा लेखक. त्याची ‘शी-हल्क’ फेब्रुवारी २०१४ मध्ये आली, कायद्याने काठोकाठ भरलेली, हावियेर पुलिदोच्या देखण्या चित्रांसह, आणि तीही १२ अंकांत आटोपली. बाजार कायद्यावर प्रेम करत नाही. तरी दोन्ही शेजारी ठेवल्या की डेव्हिडच्या अंकांत काय नव्हतं ते लगेच दिसतं. सूलच्या तिसऱ्या-चौथ्या अंकात डॉक्टर डूम या खलनायकाचा मुलगा क्रिस्टॉफ अमेरिकेत आश्रय मागायला जेनिफरकडे येतो. अमेरिकी कायद्यानुसार देशात आल्यापासून एका वर्षाच्या आत हा अर्ज करावा लागतो, आणि त्याची मुदत त्याच दिवशी संपते आहे. डूमचे यंत्रमानव रस्ता अडवतात. पानोपानी तीच आदळआपट आहे जी डेव्हिडच्या अंकांत होती. पण इथे प्रत्येक ठोसा वेळ खातो आणि कोर्टाचं दार बंद व्हायची वेळ जवळ येते. मुदतीच्या एका कलमाने अख्ख्या मारामारीला अर्थ दिला.

त्याच मालिकेत म्हाताऱ्या झालेल्या कॅप्टन अमेरिकावर १९४० मधल्या एका मृत्यूबद्दल नुकसानभरपाईचा दावा येतो, आणि विरुद्ध बाजूला मॅट मर्डॉक ऊर्फ डेअरडेव्हिल उभा राहतो. इतका जुना दावा मुदतबाह्यच ठरेल, असं आपला वाचक लगेच म्हणेल. भारतात तसंच झालं असतं: मुदत कायदा १९६३ च्या कलम ३ नुसार प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी कोर्टाने मुदतबाह्य दावा फेटाळायचा असतो. अमेरिकेत मुदतीची हरकत प्रतिवादीनेच घ्यावी लागते, आणि तो ती सोडूनही देऊ शकतो. कॅप्टन अमेरिकाला, म्हणजे स्टीव्ह रॉजर्सला, पळवाट नको आहे, सत्य कोर्टात सिद्ध झालेलं हवं आहे. पुढे तर असं निघतं, की समोर मर्डॉकसारखा तोलामोलाचा वकील असावा ही त्याचीच इच्छा होती. इतकी जुनी गोष्ट कोर्टापुढे उभी राहू शकते ती प्रक्रियेच्या या तरतुदीमुळे, आणि स्टीव्हचा स्वभावही तिच्यातूनच कळतो.

न्यूयॉर्कमध्ये सनद रद्द झालेल्या वकिलाला ती परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो, पण सात वर्षांनंतर. त्यासाठी वकिली आचारसंहितेची परीक्षा पुन्हा द्यावी लागते आणि या काळात आपण कसे वागलो ते कोर्टाला पटवावं लागतं. कॉमिक्समधली वर्षं आपल्या वर्षांसारखी जात नाहीत, हे खरं. तरी छापील तारखा धरल्या तर जेनिफरची सनद २००७ मध्ये गेली. सूलच्या पहिल्या अंकात ती नोकरी सोडून ब्रुकलिनमध्ये स्वतःचं कार्यालय थाटते, ते साल २०१४.